वन बीएचकेत कॅट ट्री: जमिनीवरचं, छताला टेकलेलं की भिंतीवरचं?

दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा, टीव्ही आणि चपलांचं कपाट मांडल्यावर जमीन उरते किती? मांजराला जागा द्यायची तर ती उंचीवरच, म्हणजे कॅट ट्रीवर: मांजराने चढावं, बसावं, नखं घासावीत म्हणून केलेल्या फळ्या-खांबांच्या मांडणीवर. मांजरालाही तेच हवं असतं. वरून सगळं घर दिसतं, बेल वाजली की पळून बसायला ठिकाण मिळतं, आणि दोन मांजरं असतील तर एक वर, एक खाली अशी वाटणी होऊन भांडणं कमी होतात. डोंबिवलीच्या आमच्या घरात तीन प्रकार वापरून झाले. त्यावरून माझं मत असं की आपल्याकडे ही निवड किमतीपेक्षा पावसाळा, पंखा आणि भिंत यांवर ठरवावी.

दुकानात सगळ्यात जास्त दिसतं ते जमिनीवर ठेवायचं, फरसारख्या कापडाने मढवलेलं. भाड्याच्या घरात ते सोयीचं आहे. भिंतीला भोक नको, घर बदललं की उचलून न्यायचं. पण आत बहुतेक वेळा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी असते. आमचं पहिलं असंच होतं. जुलैत खिडकीपाशी ठेवलं, पावसाची झड लागली आणि गणपती येईपर्यंत तळाची फळी फुगून स्क्रू सैल झाले. कापडाला कुबट वास आला, खालच्या बाजूने बुरशी धरली. पिसवा झाल्या तेव्हा ते कापड काढून धुताही येईना.

दुसरं आम्ही सुताराकडून करून घेतलं. आयएस ७१० शिक्क्याचा, पाण्याला टिकणारा १८ मिमी मरीन प्लाय, २० बाय २० इंचांचा तळ, साडेचार फूट उंची. त्यावर कापड नाहीच. वरच्या फळीवर जुन्या चादरीची घडी टाकतो, ती दर रविवारी धुवायला जाते. विकत घ्या किंवा करून घ्या, वरची फळी हाताने जोरात ढकलून पाहाच. चार किलोचा बोका धावत येऊन उडी मारतो तेव्हा धक्का बराच मोठा बसतो, आणि एकदा डुगडुगलं की काही मांजरं पुन्हा तिकडे फिरकत नाहीत.

नखं घासायचा खांब तीन फूट तरी हवा, कारण मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणून नखं घासतं. बुटक्या खांबावर ते जमलं नाही की सोफ्याची पाळी येते. सुतळी मऊ असते, लवकर पिंजते. काथ्याचा भुसा घरभर पडतो. घायपाताचा दोर, ज्याला दुकानदार सिसल म्हणतात, तो मला सगळ्यांत टिकाऊ वाटला. चार इंच व्यासाच्या खांबाला ८ मिमीचा दोर जवळपास ४० मीटर लागतो, तेव्हा मोजूनच आणा.

छत आणि जमीन यांच्यात दाबून बसवायचा खांब सगळ्यांत कमी जागा घेतो. वर पीओपी किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग असेल तर मात्र त्याचा विचार सोडा, ते हा दाब घेत नाही. थेट स्लॅब असेल तर चालेल, पण खांब घट्ट आहे ना हे महिन्यातून एकदा पाहावं लागतं.

आणि पंखा! १२०० मिमीचा पंखा म्हणजे पात्याचं टोक मध्यापासून दोन फुटांवर. दहा फूट रुंद खोलीत ते लांबीच्या भिंतीपासून जेमतेम तीन फूट राहतं. इतक्या अंतरात उंच फळीवरून उडी मारणारं मांजर पात्यात सापडू शकतं. दहा बाय बाराच्या खोलीचा कोपरा मात्र पात्यापासून पावणेसहा फूट लांब असतो. म्हणून कुठलाही प्रकार घ्या, जागा कोपऱ्यातलीच.

स्वतःचं घर असेल तर मी भिंतीवरच्या फळ्या निवडेन. जमीन पूर्ण मोकळी राहते, खालून झाडूही फिरतो. फळी दहा इंच रुंद, दोन फळ्यांत फूटभर चढण, आणि वर घसरू नये म्हणून काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा. विटांची किंवा काँक्रीटची भिंत हे वजन सहज पेलते. नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीत साधी गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवतात ती) सैल होते, तिथे त्या भिंतीसाठीची लांब गिट्टीच वापरायला सांगा. वरच्या फळीवरून उतरायला दोन वाटा ठेवा, नाहीतर एक मांजर दुसऱ्याला वरच कोंडून ठेवतं. मांजर म्हातारं असेल तर फळ्या नकोतच. त्याला कमी अंतराच्या पायऱ्यांचं, जमिनीवरचं बुटकं ट्री बरं.

काचेला रबरी चकत्यांनी चिकटवायच्या झोळीवर माझा विश्वास नाही. धूळ आणि दमट हवेत त्या चकत्या सुटतात. खिडकीजवळ काहीही ठेवण्याआधी ग्रिलला जाळी लावून घ्या, गजांच्या फटीतून मांजर सहज बाहेर जातं.

भाड्याच्या घरात मी प्लायचं, बिनकापडाचं, कोपऱ्यातलं ट्रीच घेईन, थोडे जास्त पैसे गेले तरी. पावसाळ्यात त्याचा वास जावा म्हणून जवळपास डांबर गोळ्या ठेवू नका आणि फिनेलने पुसू नका, दोन्ही मांजरांना विषारी आहेत. गरम पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा आणि ऊन पडेल त्या दिवशी ट्री गॅलरीत काढा.