आधी दळण, मग मशीन: घरच्या एस्प्रेसोसाठी ग्राइंडर निवडताना

माझा धाकटा भाऊ वाशीला राहतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "ताई, एस्प्रेसो मशीन घेतोय. लाखभर रुपये बाजूला काढलेत. मशीन जवळजवळ ठरलंय, ग्राइंडर काय, कुठलाही चालेल ना?" मी म्हटलं, "उलट कर. आधी ग्राइंडर ठरव, मग उरलेल्या पैशांत मशीन बघ." फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून नीट लिहून काढते आहे. तुम्हीही याच विचारात असाल तर उपयोग होईल.

ग्राइंडर आधी का, ते आपल्याला कळायला अवघड नाही, कारण गिरणी आपण लहानपणापासून बघतो. डबा देताना आपण सांगतो, भाकरीचं बारीक दळ, लाडूचं बेसन रवाळ काढ. गिरणीवाला चाक फिरवून दोन दगडांमधलं अंतर कमीजास्त करतो. कॉफीच्या ग्राइंडरमध्ये दगडांच्या जागी स्टीलचे बर्स, म्हणजे दळणारी दातेरी चक्रं असतात, एवढाच फरक. एस्प्रेसोत साधारण 9 बार दाबाने गरम पाणी दाबून बसवलेल्या कॉफीच्या वडीतून जातं. 18 ग्रॅम कॉफीतून 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅम एस्प्रेसो, हे सुरुवातीचं माप. दळण एकसारखं नसेल तर पाणी सोपी वाट शोधून तिथूनच पळतं. मग वडीचा एक भाग जास्त पिळला जातो, दुसरा कोरडाच राहतो आणि एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही लागतं. हे मशीन कितीही महाग असलं तरी सुधारत नाही. मिक्सरचं पातं तर दळत नाही, तोडतं. त्यात निम्मी भुकटी आणि निम्मे तुकडे निघतात.

एक सावधगिरी. बऱ्याच घरगुती मशीनबरोबर दुहेरी तळाची बास्केट, म्हणजे कॉफी भरायची भोकांची वाटी येते. तिला खाली एकच बारीक भोक असतं, त्यामुळे दाब भोकानेच तयार होतो आणि दळण कसंही असलं तरी वर जाड फेस दिसतो. तो फेस बघून "माझा ग्राइंडर चालतोय की" असं समजू नका. साधी, एकेरी तळाची बास्केट लावा, मग दळण खरं काय आहे ते कळतं.

आता प्रत्यक्ष पर्याय. चार जवळून बघितलेत. त्यातला एक दोन वर्षं रोज वापरला, एक आत्ता माझ्या ओट्यावर आहे, आणि उरलेले दोन मैत्रिणींच्या घरी मनसोक्त हाताळलेत.

हाताने फिरवायचा ग्राइंडर म्हटलं की लोक नाक मुरडतात. लाखाचं बजेट आणि हाताने दळायचं? पण माझं मत स्पष्ट आहे. साधारण निम्म्या पैशांत विजेच्या चांगल्या ग्राइंडरच्या तोडीचं दळण हवं असेल तर दुसरा मार्ग नाही, कारण सगळा पैसा मोटरऐवजी बर्समध्ये आणि बेअरिंगमध्ये गेलेला असतो. मी तैवानच्या वनझेडप्रेसोचा जे-अल्ट्रा वापरला. 48 मिलिमीटरचे कोनिकल, म्हणजे शंकूच्या आकाराचे बर्स, आणि दळण जुळवायची चकती एक खटका फिरवली की 8 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक. हा आकडा महत्त्वाचा आहे. हाताच्या ग्राइंडरमध्ये जर्मनीच्या कोमांडांते सी40 चं नाव मोठं आहे आणि पोअर-ओव्हरसाठी, म्हणजे वरून पाणी ओतून गाळायच्या कॉफीसाठी तो अप्रतिमच आहे, पण त्याचा एक खटका सुमारे 30 मायक्रॉनचा. एस्प्रेसोत एवढ्या मोठ्या पायरीने शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) एकदम 20 सेकंदांवरून 35 वर उडी मारू शकतो, मधलं काही हाती लागत नाही.

आमचं घर घोडबंदर रोडला, सासूबाईंची खोली स्वयंपाकघराला लागून. सकाळी सहाला मी दळत असे आणि त्यांची झोप कधी मोडली नाही. 18 ग्रॅम दळायला मिनिटभर लागतं. मध्यम किंवा गडद भाजलेली कॉफी असेल तर हात सहज फिरतो. मॉन्सून्ड मलबारसारखे फुगलेले, हलके दाणे तर अगदी लोण्यासारखे दळले जातात. पण हलकी भाजलेली कॉफी दगडासारखी कडक असते. ती बारीक दळताना मनगट बोलायला लागतं. दोन कपांपर्यंत ठीक. गणपतीत घरी दहा माणसं आली आणि सगळ्यांनी "आम्हालाही दे ना तुझी ती कॉफी" म्हटलं, तेव्हा चौथ्या कपानंतर मी चहा टाकला.

दुसरा पर्याय इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या युरेकाचा मिन्योन स्पेचालिता. 55 मिलिमीटरचे फ्लॅट, म्हणजे सपाट चकत्यांसारखे बर्स, आवाज कमी, ओट्यावर जागा कमी आणि वर दाण्यांचं भांडं. बटण दाबलं की ठरलेल्या सेकंदांचं दळण थेट पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे बास्केट बसवून मशीनला अडकवायच्या दांड्याच्या भांड्यात पडतं. पाचपाखाडीतल्या माझ्या मैत्रिणीकडे हा आहे. घरात चार कॉफी पिणारे, एकच ब्लेंड, दिवसाला सहा-सात कप, सगळे दुधाचे. त्या घराला याच्याइतका सोयीचा ग्राइंडर नाही.

पण आपल्या हवेत वरच्या भांड्याचा विचार करायला हवा. जून ते सप्टेंबर ठाण्यात पापड दोन दिवस उघडे राहिले तर कसे मऊ पडतात ते सांगायला नको. दाणेही तसेच दमट होतात आणि शॉटची वेळ बदलते. माझा अनुभव असा की, पावसाळ्यात त्याच कॉफीचा शॉट संथ होतो आणि दळण किंचित जाड करावं लागतं. शिवाय अशा ग्राइंडरच्या मार्गिकेत आधीचं थोडं दळण अडकून राहतं, म्हणजे सकाळचा पहिला शॉट अंशतः कालचाच असतो. दिवसाला एक-दोन कप करणाऱ्याने, किंवा आज चिकमगळूर उद्या अरकू असं बदलून पिणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. त्याने एकेका कपापुरते दाणे मोजून टाकायचा, सिंगल-डोस ग्राइंडर घ्यावा.

आणि इथेच खरी निवड येते, दोन सिंगल-डोस ग्राइंडरमधली: निश झीरो की डीएफ64?

निश ब्रिटनचा, 63 मिलिमीटरचे कोनिकल बर्स, तेच जे माझ्झर कंपनीच्या कॅफेत वापरायच्या 'कोनी' नावाच्या मोठ्या ग्राइंडरमध्ये असतात. डीएफ64 चीनमध्ये तयार होतो, 64 मिलिमीटरचे फ्लॅट बर्स. दोन्हींची दळण जुळवायची फिरकी सलग, खटके नाहीत, त्यामुळे हवं तेवढं बारीक जुळवता येतं. कागदावर फरक एका मिलिमीटरचा, पण कपात तसा नाही.

नेरुळच्या मैत्रिणीकडे निश आहे. एका रविवारी मी माझा डीएफ64 गाडीत घालून ठाणे-बेलापूर रोडने तिच्याकडे नेला. मशीन एकच, तिची गॅजिया क्लासिक. कॉफी एकच, चिकमगळूरची मध्यम भाजलेली वॉश्ड अरेबिका, भाजून बारा दिवस झालेली. दोन्हीकडून 18 ग्रॅम, दोन्ही शॉट 36 ग्रॅमवर थांबवले, वेळ 28 सेकंदांच्या आसपास जुळेपर्यंत चार-पाच शॉट ओतून दिले. मग दोन कप शेजारी ठेवले.

निशचा घोट घट्ट होता. गूळ, भाजलेले शेंगदाणे, शेवटी कोकोचा कडवटपणा, सगळं एकमेकांत मिसळलेलं, आमटी रात्रभर मुरल्यावर लागते तसं. डीएफ64 चा घोट पातळ वाटला आणि आधी मला वाटलं, काहीतरी चुकलं. मग दुसऱ्या घोटाला संत्र्याच्या सालीचा वास वेगळा कळला, त्यामागे गोडवा वेगळा कळला. एकेक चव सुटी होती. कोनिकल बर्स साधारणपणे जास्त भुकटी सोडतात, त्यातून तो घट्टपणा येतो. फ्लॅट बर्सचं दळण जास्त एकसारखं, म्हणून चवी सुट्या लागतात. हे मी वाचलं होतं, पण कळलं त्या दिवशी.

नंतर तिच्या नवऱ्यासाठी दोन्ही शॉटमध्ये दूध घातलं. डोळे मिटून प्यायला सांगितलं. त्याला फरक ओळखता आला नाही. मलाही आला नाही. मैत्रिणीला एकदा आला, पुढच्या वेळी चुकला.

म्हणून भावाला पहिला प्रश्न हाच विचारला: तू दूध घालून पिणार की काळी? घरात सगळे कॅपुचिनो आणि लाटे पिणार असतील तर फ्लॅट बर्सच्या चवीसाठी जादा पैसे घालण्यात अर्थ नाही. काळी पिणारे असाल, त्यात हलकी भाजलेली, फळांच्या वासाची कॉफी आवडत असेल, तर डीएफ64 घ्या. घट्ट, पारंपरिक एस्प्रेसो आवडत असेल तर निश, आणि मग मागे वळून बघू नका.

रोजच्या वापरात निश सरस आहे, हे माझ्याकडे दुसरा असूनही सांगते. मोटर संथ फिरते, आवाज कमी, दळण कपात पडतं आणि कप पोर्टाफिल्टरवर उलटा केला की काम झालं. डीएफ64 चा आवाज जास्त, आणि दळून झाल्यावर वरचा रबरी भाता दोन-तीनदा दाबून आत राहिलेलं बाहेर फुंकावं लागतं. मी वजन करते: 18 ग्रॅम टाकले की भाता दाबल्यावर 17.9 मिळतात. पहिल्या आवृत्तीत स्थिर विजेमुळे भुकटी आजूबाजूला उडायची. दुसऱ्या आवृत्तीत त्यावर उपाय म्हणून प्लाझ्मा जनरेटर बसवलाय. तरी जानेवारीच्या कोरड्या हवेत मी दाण्यांवर पाण्याचा एक फवारा मारते, म्हणजे टरफलं उडत नाहीत. पावसाळ्यात त्याचीही गरज पडत नाही.

डीएफ64 चा मोठा फायदा पुढचा आहे. 64 मिलिमीटर हे प्रचलित माप असल्याने कोरियाच्या एसएसपीचे बर्स त्यात बसतात. म्हणजे तीन वर्षांनी आवड बदलली तर ग्राइंडर तोच, बर्स नवे. जात्याला टाकी लावून घ्यावी तसं, पण चवच बदलून देणारं. मात्र बर्स बदलताना ते एकमेकांना समांतर बसलेत का हे तपासावं लागतं. असल्या कामाची आवड नसेल तर हा फायदा तुमच्यासाठी नाही.

याच्या वरही मोठी नावं आहेत, लगोम पी64, वेबरचा ईजी-1. सुंदर यंत्रं आहेत. पण पहिल्या ग्राइंडरसाठी मी ती कुणालाच सुचवणार नाही. तेवढ्या फरकाची चव कळायला जीभ तयार व्हावी लागते आणि ती आधीच्या ग्राइंडरवरच होते.

परदेशातून मागवत असाल तर व्होल्टेज बघा. ओळखीतल्या एकाने अमेरिकेहून येणाऱ्या मावशीबरोबर ग्राइंडर मागवला, तो 120 व्होल्टचा निघाला. आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरतं, पण 60 हर्ट्झची फ्रीक्वेन्सी मिळत नाही, आणि काही मोटरी त्यामुळे हळू फिरतात. ब्रिटिश किंवा युरोपीय आवृत्ती घ्या, फक्त प्लग बदलावा लागेल. सीमाशुल्क आणि वाहतूक धरून हिशेब करा, आणि ओट्यावरच्या कपाटाखाली किती उंची आहे ते फूटपट्टीने मोजा. भाता दाबायला वर हात जायला हवा.

मशीनबद्दल थोडक्यात: 58 मिलिमीटरच्या पोर्टाफिल्टरचं गॅजिया क्लासिक किंवा रान्चिलिओ सिल्व्हिया, नाहीतर झटपट तापणारं 54 मिलिमीटरचं ब्रेव्हिल बॅम्बिनो, यातलं कुठलंही चालेल. पाण्याकडे मात्र लक्ष द्या. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात आणि ते पाणी जड असतं. बॉयलरमध्ये क्षार धरतात. मशीनच्या टाकीत सरळ नळाचं पाणी घालू नका.

भाऊ आणि वहिनी दोघंही कॅपुचिनो पिणारे, सकाळी एकेक कप. त्याला मी हाताचा ग्राइंडर घ्यायला सांगितलं, बरोबर 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि दर पंधरवड्याला ताजी भाजलेली 250 ग्रॅमची पिशवी. उरलेले पैसे मशीनला. वहिनीने हात दुखेल अशी तक्रार केली, तर वर्षभराने निश घेऊ असं ठरलंय. तोवर दर शनिवारी माझ्याकडे येऊन डीएफ64 चा शॉट काळाच पिऊन बघायचं तिने कबूल केलंय.