दोन-तीन एकर अरेबिका कॉफी: चेरी वाळवावी की पार्चमेंट करावं?

चिकमगळूर-कोडगूकडे तोडणीच्या तोंडावर छोट्या बागायतदाराला एकच सल्ला मिळतो: पार्चमेंट करा (म्हणजे फळाची साल काढून, बी धुऊन टरफलासकट वाळवा), भाव चढा मिळतो. तरी बरेच जण अख्खं फळ अंगणात पसरून वाळवतात आणि ही वाळलेली चेरीच विकतात. त्यांना अडाणी म्हणण्याआधी हिशेब पाहावा.

भाव ५० किलोच्या पोत्याचा असतो आणि फसगत तिथेच होते. पार्चमेंटच्या पोत्यातून साधारण ४० किलो साफ बी निघतं, चेरीच्या पोत्यातून २५ च्या आसपास. म्हणजे पार्चमेंटचा भाव चेरीच्या १.६ पट असेल तेव्हा कुठे बरोबरी होते. त्यावर जे उरेल तेवढीच तुमच्या जास्तीच्या कष्टांची मजुरी.

आणि कष्ट थोडेथोडके नाहीत. चेरीला एक-दोन तोडण्या पुरतात, चार हिरवी फळं आली तरी चालतं. ऊन चांगलं असेल तर दोनेक आठवड्यांत माल वाळतो. अवकाळी पाऊस आला तर मात्र बुरशी धरते. पार्चमेंटला फक्त पिकलेलं लाल फळ लागतं, म्हणून त्याच झाडाकडे तीन-चार वेळा जावं लागतं. तोडलेलं फळ त्याच दिवशी पल्परमधून, म्हणजे साल सोलणाऱ्या यंत्रातून काढायचं, बियांवरचा बुळबुळीत थर सुटेपर्यंत आंबवायचं, धुवायचं, मग वाळवायचं.

सगळे पल्परच्या किमतीवर बोलतात. मला खरी अडचण मजुरांची वाटते. हंगामात ते मोठ्या इस्टेटींकडे जातात, आणि किलोवर मजुरी घेणारा माणूस हिरवं फळ झाडावर का ठेवेल? शिवाय दोन एकरांतून पहिल्या तोडणीला इतकं कमी फळ येतं की टाकी भरत नाही, आणि आजच्या मालात उद्याचा मिसळला तर आंबवणं बिघडतं. धुतलेलं पाणी ओढ्यात सोडता येत नाही, त्यासाठी खड्डा हवा. व्यापाऱ्याकडून आधीच उचल घेतली असेल तर प्रश्नच मिटला. माल त्याच्याच दारात, त्याच्याच भावाने.

म्हणून माझं मत असं: घरची माणसं तोडणीला असतील, पाणी असेल आणि उचल नसेल, तर अरेबिकाचं पार्चमेंट करा. यातलं एक जरी नसेल, तर चेरीत कमीपणा नाही. रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी जात असेल तर फार विचारच करू नका. तिचा चिकट थर सुटायला जास्त वेळ लागतो. धुतलेल्या रोबस्टाचं गिऱ्हाईक आधी ठरलेलं नसेल तर चेरीच बरी.

तिसरी वाट पिकलेलं ओलं फळच विकण्याची. आंध्रातल्या अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांचं फळ गोळा करून एकत्र प्रक्रिया होते. तिथल्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जवळ असं केंद्र असेल तर मी आधी तिथे विचारेन. साधारण ६ किलो फळातून १ किलो साफ बी निघतं, तेव्हा त्यांच्या किलोच्या दराला ६ ने गुणा, चेरीच्या पोत्याच्या भावाला २५ ने भागा आणि दोन्ही ताडून पाहा. तोलाई रोजच्या रोज होते का आणि पैसे कधी मिळतात, हेही त्याच वेळी विचारून घ्या.