मधल्या ओट्याची दुरुस्ती : सहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला आम्ही स्वयंपाकघरासाठी तयार आयलंड आणलं. घरात त्याला सगळे ‘मधला ओटा’च म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. चार फूट लांब, वीस इंच खोल, ३६ इंच उंच. पेटी पार्टिकल बोर्डची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, वर लॅमिनेटचा पाटा, खाली ब्रेक असलेली चार चाकं. किंमत बावीस हजार. चार महिन्यांत त्याची रया गेली. फेब्रुवारीत सतरा हजार खर्चून दुरुस्त करून घेतला आणि आता ऑगस्ट संपत आलाय. दुरुस्तीनंतरचा मधला ओटा मला मनापासून आवडतो. पहिल्यांदाच असा करून घ्यायला हवा होता, ही हळहळ मात्र आहे.

आधी काय बिघडलं ते सांगते. आमच्या जुळे सोलापूरच्या घरी पाणी चार दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी पाइप ओढून स्वयंपाकघरातले पिंप भरायचे, म्हणजे फरशी ओली होणारच. चाकांमुळे पेटी जमिनीपासून वर आहे, तिला काय होतंय, असं आम्हाला वाटलं. पण पाइप निसटला की पाणी थेट खालच्या कडेवर उडायचं, आणि पोछा मारताना ओलं फडकं रोज तिथेच घासायचं. खालच्या कडेची पट्टी सुटली आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या जत्रेच्या सुमारास बघितलं तर बोर्ड भिजवलेल्या पोह्यांसारखं फुगलेलं. खालचा ड्रॉवर अडकून बसला. पार्टिकल बोर्ड एकदा फुगलं की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. ते कापूनच टाकावं लागतं.

दुसरी तक्रार आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. त्यांना खाली बसून भाकरी करणं गुडघ्यांमुळे जमत नाही. मधला ओटा घेतला तो मुळात त्यांच्यासाठीच. पहिल्याच दिवशी त्यांनी ज्वारीचं पीठ मळून भाकरी थापायला घेतली आणि प्रत्येक थापेबरोबर अख्खी पेटी डावी-उजवीकडे डुलायला लागली. वर ठेवलेला पाण्याचा तांब्या सरकत कडेला आला. चाकांचे ब्रेक लावलेले होते, तरी हीच गत. “अगं, हे धरायला दुसरं माणूस लागतंय,” आई म्हणाल्या आणि पुन्हा गॅसच्या ओट्यावर गेल्या. तिथे कुकर आणि तव्याच्या मधे परात जेमतेम मावते.

आम्ही सगळा दोष चाकांना देत होतो. मिस्त्रींनी पेटी फिरवून मागची पाठ दाखवली. खाचेत नुसती सरकवलेली तीन मिलिमीटरची पातळ शीट, हाताने वाकत होती. “वहिनी, पाठच नाही हिला. चारी बाजू नुसत्या उभ्या हायत की ओ,” ते म्हणाले. त्यांनी समजावलं ते असं : चौकटीला आडवा धक्का बसला की ती तिरकी व्हायला बघते. तिला तिरकी होऊ न देणारी गोष्ट म्हणजे पाठ. पाठ जाड असेल आणि चारी कडांना स्क्रूने आवळलेली असेल, तर पेटी हलत नाही. मग बारा मिलिमीटरचा ७१० ग्रेडचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय फेव्हिकॉल लावून, दर सहा इंचांवर स्क्रू मारून बसवला. त्याच संध्याकाळी मी दोन्ही हातांनी पेटी ढकलून पाहिली. निम्मं डुलणं तिथेच थांबलं होतं. तुमचं आयलंड हलत असेल तर आधी त्याची पाठ तपासा. खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात जास्त तिथेच.

उरलेलं डुलणं विटांच्या कट्ट्याने थांबवलं. चाकं काढली, फुगलेला चार इंचांचा भाग सरळ कापून टाकला, कापलेल्या कडेला प्लायची पट्टी लावली. जमिनीवर चार इंच उंच कट्टा बांधला. गुळगुळीत टाइलवर सिमेंट धरत नाही, म्हणून आधी टाइलला टाचे मारून घेतले. कट्ट्याला काळ्या ग्रॅनाइटची पट्टी लावली आणि पेटी आतून अँगलने त्याला जखडली. पुढच्या बाजूने कट्टा तीन इंच आत घेतलाय. ही गोष्ट मिस्त्रींना सांगून, गरज पडली तर भांडूनही करून घ्या. पावलं आत गेली नाहीत तर माणूस ओट्यापासून लांब उभं राहतं आणि कमरेतून वाकतं.

कापाकापीत उंची ३६ वरून ३२ इंचांवर आली. आमचं भाग्य त्यातच होतं. आईंची उंची चार फूट अकरा इंच. भाजी चिरायला एक वेळ उंच ओटा चालतो, पण भाकरी थापताना जोर खांद्यातून यावा लागतो, त्यासाठी ओटा कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली हवा. ३६ इंचांवर आईंना हात उचलून थापावं लागायचं आणि चौथ्या भाकरीला खांदा भरून यायचा. आता त्या दहा-बारा भाकऱ्या एका दमात करतात. मला ३२ इंच थोडे कमी पडतात, म्हणून मी चिरायला दोन इंच जाडीचा लाकडी पाट घेते.

अंतराचंही सांगते. थापलेली भाकरी तळहातावर घेऊन वळायचं आणि तव्यावर टाकायची, या वळण्यात ती मोडता कामा नये. आधी मधला ओटा गॅसपासून साडेतीन फुटांवर होता, आईंना दोन पावलं टाकावी लागायची आणि पातळ भाकरी कडेला चिरायची. आता बरोबर तीन फूट ठेवलंय, एका वळणात काम होतं. कट्टा बांधायच्या आधी फरशीवर रांगोळीने चौकोन काढून दोन दिवस त्याच्या भोवतीने वावरलो. फ्रिजचं दार पूर्ण उघडून पाहिलं, पिंप सरकवून पाहिला. कट्टा बांधल्यावर जागा बदलता येत नाही, म्हणून हे दोन दिवस द्याच.

वरचा पाटा १८ मिलिमीटरच्या ग्रॅनाइटचा केला, चार फूट बाय अडीच फूट. एवढ्या दगडाचं वजन साधारण ४५ किलो भरतं आणि पेटी स्थिर राहायला त्याचीही मदत होते. एका बाजूला बसून जेवता यावं म्हणून तो दहा इंच बाहेर काढलाय आणि खाली दोन लोखंडी पट्ट्यांचा आधार दिलाय. लॅमिनेटवर गरम तव्याचा गोल डाग पडला होता, ती काळजी संपली. पण शेंगा चटणी कुटताना मी खलबत्ता पेटीच्या उभ्या बाजूच्या बरोबर वर ठेवते, बाहेर आलेल्या भागावर कधीच नाही. खालून सलग आधार नसलेला दगड घावाने तडकू शकतो.

कट्ट्यातूनच वायरीचा पाइप काढून मिक्सरसाठी प्लग घेतला, बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच बसवला. आधी ओल्या फरशीवरून एक्स्टेन्शनची वायर जायची. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. घरात लहान मूल असताना असं काही कृपा करून करू नका.

सहा महिन्यांत बारीक कुरबुरी झाल्या. एका दाराची बिजागरी सैल झाली, कारण पार्टिकल बोर्डमध्ये स्क्रू दुसऱ्यांदा नीट धरत नाही. ते भोक मोठं करून त्यात फेव्हिकॉल लावलेली लाकडी गुल्ली ठोकली, रात्रभर वाळू दिली आणि सकाळी त्यात स्क्रू आवळला. अजून हललेला नाही. खालच्या ड्रॉवरची उंची चार इंच कमी झाली, त्यात आता फक्त उलथनी, झारे आणि लाटणी मावतात. उन्हाळ्यात कट्टा आणि पेटी यांच्यामधली सिलिकॉनची रेघ एका ठिकाणी सुटली, ती मी खरवडून नव्याने भरली. पाण्याच्या दिवशी आता फरशी ओली झाली तरी पेटीपर्यंत काही पोचत नाही.

बाहेर आलेल्या दगडाचा कोपरा गोल करायचा राहिलाय. तो नेमका आमच्या अडीच वर्षांच्या मुलीच्या डोक्याच्या उंचीला येतो. दगडवाला येईपर्यंत जुन्या चादरीची जाड घडी करून तिथे बांधून ठेवली आहे.