इथरकॅट डेव्हलपमेंट किट, आठ महिन्यांनंतर: बोर्ड उत्तम, पण ते दोन केबीचे ईईप्रॉम!

इथरकॅट म्हणजे कारखान्यातली यंत्रे इथरनेट केबलवरून चालवणारे नेटवर्क; हे किट त्यात जोडायचे उपकरण बनवायला शिकण्यासाठी आहे. सातव्या महिन्यात हा बोर्ड अचानक गप्प झाला. लिंकचे दिवे चालू, ३.३ व्होल्ट जागेवर, केबल बदलून पाहिली, तरी न्यूक्लिओवरचा (किटमधल्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरचा) प्रोग्रॅम पहिल्याच लूपमध्ये अडकलेला. विक्रेत्याच्या सपोर्टला कळवले तर दोन दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले: चिप गेली आहे, नवा बोर्ड मागवा. चिप गेली नव्हती. बोर्ड दहा मिनिटांत, एक रुपया खर्च न करता पुन्हा उभा राहिला. ज्यांच्याकडे हे किट किंवा याच्यासारखे दुसरे किट आहे त्यांनी असा बोर्ड भंगारात टाकण्याआधी पुढचे वाचावे.

किट नेहमीच्या घडणीचे आहे. इथरकॅट सांभाळणारी लॅन९२५२ चिप, नेटवर्क केबलचे दोन आरजे४५ सॉकेट, आर्डुइनो हेडरचा शील्ड आणि खाली न्यूक्लिओ-एफ४४६आरई. चिपची वैशिष्ट्ये डेटाशीटमध्ये आहेत, ती इथे उतरवत नाही. फक्त एवढे लक्षात असू द्या: चार सिंकमॅनेजर (डेटाची देवाणघेवाण सांभाळणारे भाग), तीन एफएमएमयू (नेटवर्कचे पत्ते चिपच्या मेमरीशी जुळवणारे भाग), चार केबी प्रोसेस रॅम. शिकायला आणि छोटे आय-ओ मॉड्यूल बनवायला एवढे पुष्कळ झाले.

जोडणीत पहिली ठेच लागते ती वीजपुरवठ्याला. न्यूक्लिओ यूएसबीवर असताना बोर्डाला मिळणारा करंट मर्यादित असतो, आणि दोन्ही पोर्टवर लिंक आली की लॅन९२५२ ची भूक वाढते. एका केबलवर सगळे सुरळीत आणि दुसरी केबल लावताच रीसेट, असे दिसले तर कोड तपासत बसू नका. जेपी५ जम्पर ई५व्ही बाजूला घ्या, जेपी१ काढा, बाहेरून ५ व्होल्ट द्या. आधी बाहेरचा पुरवठा चालू करायचा, मग यूएसबी लावायची; हा क्रम उलटा करू नका. चिनी मोबाइल चार्जरपेक्षा पॅनेलमधल्या २४ व्होल्ट एसएमपीएसवरून बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटने) काढलेले ५ व्होल्ट कितीतरी बरे.

दुसरी गोष्ट एसपीआयची, म्हणजे न्यूक्लिओ आणि लॅन९२५२ यांच्यातल्या सिरियल जोडणीची. डी१३ म्हणजे पीए५, आणि त्याच पिनवर न्यूक्लिओचा हिरवा एलईडी बसलेला आहे. कमी वेगाला तो त्रास देत नाही, पण क्लॉक लाइनवर फुकटचा भार कशाला हवा? एसबी२१ हा सोल्डर ब्रिज उचलून टाका. सुरुवात मोड ० मध्ये, प्रीस्केलर (क्लॉकचा भाजक) ६४ ठेवून करा. न्यूक्लिओचा एपीबी२ हा आतला क्लॉक ९० मेगाहर्ट्झ असेल तर क्लॉक साधारण १.४ मेगाहर्ट्झ येतो. सगळे जुळले की प्रीस्केलर ४ करा, २२.५ मेगाहर्ट्झ मिळतात. साध्या रीड कमांडची मर्यादा ३० मेगाहर्ट्झ आहे, त्यामुळे इथपर्यंत कोड बदलावा लागत नाही. ४५ वर जायचे तर फास्ट रीड वापरा आणि डमी बाइट (मधला रिकामा बाइट) विसरू नका. ४५ चा मोह सहसा सोडून द्यावा. एक मिलिसेकंदाच्या सायकलला २२.५ मध्ये भरपूर वेळ उरतो.

चिप बोलते आहे का, हे पाहायला तीन रजिस्टरे पुरतात (इथून पुढे रजिस्टरे, पत्ते आणि कोड हेक्समध्ये, बिटांचे क्रमांक साधे). हेक्स ६४ वाचले की ८७६५४३२१ आले पाहिजे. ७४ मधला २७ वा बिट १ झाला की चिप तयार. ५० च्या वरच्या अर्ध्यात ९२५२ दिसते. ८७६५४३२१ ऐवजी बाइट उलटसुलट आले तर एंडियनचा, म्हणजे बाइटांच्या क्रमाचा घोळ, सगळे शून्य किंवा सगळे एफ आले तर वायर किंवा चिप सिलेक्ट. निदान मॅन्युअल तरी एवढेच सांगते.

इथेच मॅन्युअलने वाचणाऱ्याला अर्ध्यात सोडले आहे. सगळे एफ येण्याचे तिसरे कारण वायरिंगइतकेच नेहमीचे आहे आणि त्याचा उल्लेख कुठेही नाही: ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी मजकूर टिकवणारी छोटी मेमरी चिप. एसपीआय हा इंटरफेस चालू करायचा की नाही, हे चिप ईईप्रॉमच्या पहिल्या १६ बाइटांवरून ठरवते. पहिला बाइट हेक्स ८० असेल तर एसपीआय. त्या १६ बाइटांतल्या शेवटच्या दोन बाइटांत आधीच्या १४ बाइटांचा चेकसम (मजकूर बिघडला आहे का हे ताडणारा आकडा) असतो. तो जुळला नाही तर चिप मायक्रोकंट्रोलरची बाजू उघडतच नाही. प्रोग्रॅम ८७६५४३२१ ची वाट पाहत बसतो, आणि माणूस चांगल्या वायरी उपसून पुन्हा लावत बसतो. नेटवर्कची बाजू मात्र जिवंत असते! मास्टरला, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या संगणकाला, स्लेव्ह, म्हणजे हा बोर्ड, दिसतो. हा फरक ओळखला की निम्मे निदान झाले: लिंक आहे, स्कॅनमध्ये काहीतरी सापडते, पण एसपीआय मुकी, म्हणजे ईईप्रॉम पाहा.

या बोर्डावरचे ईईप्रॉम २४सी१६ आहे. १६ किलोबिट, म्हणजे २०४८ बाइट. सोबतच्या नमुना एक्सएमएलमध्ये (मास्टरला बोर्डाचे वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) मात्र बाइटसाइझ ४०९६ लिहिले आहे. या एका आकड्याने सातव्या महिन्यात बोर्ड पाडला.

हिशोब असा. ३२ इनपुट आणि ३२ आउटपुट, प्रत्येक १६ बिट, प्रत्येकाला २० अक्षरांचे नाव. सुरुवातीचा ठरलेला भाग १२८ बाइट. जनरल, एफएमएमयू आणि सिंकमॅनेजर हे विभाग मिळून ८०. दोन पीडीओंची (इनपुट आणि आउटपुट डेटाच्या याद्यांची) शीर्षके २४, आणि प्रत्येक नोंदीला ८ प्रमाणे ६४ नोंदींचे ५१२. नावांना प्रत्येकी २१ बाइट, कारण लांबीचा एक बाइट वेगळा. विभागाच्या शीर्षकासकट १३५०. बेरीज २०९४. डिव्हाइसचे नाव आणि शेवटची खूण यात धरलेलीच नाही. जागा २०४८. मास्टरने एक्सएमएलवर विश्वास ठेवून सगळे लिहिले, आणि २०४८ च्या पुढचे बाइट गुंडाळून पुन्हा शून्यापासून पडले. पहिले १६ बाइट गेले, चेकसम गेला, त्यापुढची ओळखही गेली.

हेक्स एडिटरमध्ये हे स्पष्ट दिसते. सोळाव्या बाइटापासून जिथे व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट कोड असायला हवेत, तिथे ०० ७० ची जोडी दर आठ बाइटांनी येत होती, आणि त्याच ओळीत पुढे ०६ १०. म्हणजे ७००० या आउटपुट ऑब्जेक्टच्या नोंदी: ०६ हा डेटा टाइप, हेक्स १० म्हणजे सोळा बिट. शेवटच्या पानावरचा मजकूर मुखपृष्ठावर छापला जावा तसे. हे एकदा पाहिले की चिप गेली असे कोणी म्हणणार नाही. सपोर्टने एवढा एक स्क्रीनशॉट मागितला असता तरी पुरले असते.

बोर्ड परत उभा करायची रीत सोपी. ट्विनकॅट (विंडोजवरचे मास्टर सॉफ्टवेअर) कॉन्फिग मोडमध्ये ठेवून स्कॅन करा. स्लेव्ह अनोळखी बॉक्स म्हणून सापडतो. इथरकॅट मास्टरच्या ऑनलाइन टॅबवर त्या स्लेव्हवर उजवे क्लिक, ईईप्रॉम अपडेट, आणि बाइटसाइझ २०४८ केलेल्या, नावे छाटलेल्या वर्णनाची निवड. एक्सएमएल बदलल्यावर डिव्हाइस वर्णने पुन्हा लोड करायला विसरू नका, नाहीतर जुनेच लिहिले जाते. लिहून झाल्यावर वीज पूर्ण बंद करून चालू करा. फक्त न्यूक्लिओचे काळे बटण दाबून भागत नाही. विंडोज नको असेल तर लिनक्सवर सोईएम या मास्टर लायब्ररीसोबत येणारे ईईप्रॉमटूल हेच काम फुकटात करते. ट्विनकॅटही शिकण्यापुरते फुकटच आहे, सात दिवसांचे ट्रायल लायसन्स पुन्हा पुन्हा घेता येते. मात्र त्याचा रिअल-टाइम ड्रायव्हर यूएसबी-इथरनेट ॲडॉप्टरवर बसत नाही. इंटेलचे नेटवर्क कार्ड असलेला जुना डेस्कटॉप यासाठी नव्या लॅपटॉपपेक्षा बरा.

आता मोठे ईईप्रॉम लावावे का? आधी ठाम मत होते की लावावेच, कारण २४सी६४ काही रुपयांची चिप आहे आणि विक्रेत्याने एवढ्याच्या किटात तिथे काटकसर केली, हे पटत नव्हते. बदलायला बसल्यावर त्यातली गुंतागुंत कळली. १६ किलोबिटपर्यंतच्या चिपला एका बाइटाचा पत्ता लागतो, ३२ पासून पुढे दोन बाइटांचा. कोणता वापरायचा हे लॅन९२५२ चालू होताना एका स्ट्रॅपवरून (रेझिस्टरने वर किंवा खाली बांधलेल्या पिनवरून) ठरवते, आणि तो स्ट्रॅप रन एलईडीच्या पिनवर आहे. पिन खाली बांधलेली असेल तर एलईडी पिनकडून ग्राउंडकडे जोडलेला; वर बांधायची तर एलईडी ३.३ व्होल्टकडून पिनकडे फिरवावा लागतो. म्हणजे ईईप्रॉम, स्ट्रॅपचा रेझिस्टर आणि एलईडी, तिन्हींना सोल्डरिंग आयर्न लावायचे.

शिवाय एक बारीक सापळा. २४सी१६ ला ए०, ए१, ए२ या पिना लागत नाहीत, म्हणून या बोर्डावर त्या कुठेच जोडलेल्या नाहीत. २४सी६४ ला त्या लागतात. तरंगत्या ठेवल्या तर चिप कधी उत्तर देते, कधी नाही. गार असताना चालते, पॅनेल तापल्यावर नाही. एक, दोन, तीन आणि चार नंबरच्या पिना एकाच बाजूला शेजारी-शेजारी आहेत आणि चौथी ग्राउंड आहे, त्यामुळे बारीक तारेचा एक तुकडा चौघींवर आडवा सोल्डर केला की काम होते. सातवी पिन, राइट प्रोटेक्ट, ग्राउंडला आहे का ते मीटरने तपासा. शेवटी रजिस्टर ५०२ वाचा. सातवा बिट १ म्हणजे दोन बाइटांचा पत्ता निवडला गेला, अकरावा बिट १ म्हणजे चेकसम अजून चुकतो आहे. हे न पाहता ईईप्रॉम लिहायला घेऊ नका.

एवढे सगळे करून झाल्यावर मत बदलले. बहुतेकांनी चिप बदलू नये. नावे २० वरून ८ अक्षरांवर आणली तर नावांचा विभाग १३५० वरून ५८२ वर येतो आणि एकूण १३२६ बाइट होतात. सातशेहून जास्त बाइट शिल्लक राहतात. एक्सएमएल मास्टरकडे असेल तर तो नावे तिथूनच घेतो, आणि लांब नावे ऑब्जेक्ट डिक्शनरीत, म्हणजे न्यूक्लिओच्या फ्लॅशमध्ये, हवी तेवढी ठेवता येतात. शिकण्यासाठीच्या बोर्डावर छोटे ईईप्रॉम ठेवणे समजू शकते. नमुना फाइलमध्ये ४०९६ लिहिणे नाही. ती चूक आठ महिन्यांत दोनदा कळवली, फाइल अजून तशीच आहे.

बाकी सॉफ्टवेअरची बाजू अपेक्षेपेक्षा खूप चांगली निघाली. एसएससी (स्लेव्हसाठीचा तयार नमुना कोड) मिळवायला ईटीजीचे, म्हणजे इथरकॅट टेक्नॉलॉजी ग्रुपचे सदस्यत्व लागते. ते फुकट आहे आणि व्हेंडर आयडीलाही पैसे पडत नाहीत. मूळ मांडणीत मेलबॉक्स (निरोपांची जागा) हेक्स १००० आणि १०८० वर, आउटपुट ११०० वर, इनपुट १४०० वर. तीन बफर लागतात म्हणून ११०० ते १४०० या ७६८ बाइटांत आउटपुटला जास्तीत जास्त २५६ मिळतात. त्यापुढे जायचे असेल तर इनपुटचा पत्ता पुढे सरकवा, आणि तो कोड व एक्सएमएल दोन्हीकडे बदला. एकीकडेच बदलला तर स्लेव्ह सेफ-ऑपला (इनपुट चालू, आउटपुट बंद या अवस्थेला) पोचत नाही आणि कारण म्हणून ००१डी किंवा ००१ई दिसते: पहिले आउटपुटचे, दुसरे इनपुटचे. एक-एक बिटाचे इनपुट जोडताना बाइट पूर्ण करणारे रिकामे बिट दोन्हीकडे सारखे नसतील तरी हेच कोड येतात.

००१बी दिसले तर तो वॉचडॉग, म्हणजे मास्टरकडून डेटा येणे थांबले तर आउटपुट बंद करणारा टायमर. मूळ मूल्य १०० मिलिसेकंद असते. मास्टर चालवणारा संगणक झोपला, अपडेट घेऊ लागला किंवा ट्विनकॅट थांबवले की स्लेव्ह ऑपमधून (पूर्ण चालू अवस्थेतून) सेफ-ऑपला उतरतो. हे योग्यच आहे, आउटपुट बंद व्हायलाच हवेत. टेबलावर कटकट होते म्हणून वॉचडॉग शून्य करणाऱ्यांनी तो बोर्ड मोटरला जोडण्याआधी पुन्हा १०० करावा. ही एक गोष्ट मी कुणालाही हात जोडून सांगेन.

मोटर चालवणारा ड्राइव्ह असलेल्या पॅनेलमध्ये ठेवल्यावर लिंक टिकते का, हे रजिस्टर ३०० पासूनच्या चुकांच्या मोजणीतून आणि ३१० च्या लिंक तुटण्याच्या मोजणीतून कळते. केबल ड्राइव्हच्या मोटर वायरीशेजारून नेली तेव्हा ३०० रोज वाढत होते, वेगळ्या डक्टमधून नेल्यावर थांबले. मास्टरकडून येणारी केबल पोर्ट ० मध्येच लावा. बोर्ड एकटा असताना उलट लावूनही चालल्यासारखे वाटते, पण पुढे दुसरा स्लेव्ह जोडला की क्रम बिघडतो. या किटावर पोर्टांची नावे आरजे४५ च्या खाली छापली आहेत, बोर्ड बसवल्यावर दिसत नाहीत. मार्करने वर लिहून ठेवा.

आणि किट घरी आल्यावर पहिल्या दिवशी, काहीही लिहिण्याआधी, ईईप्रॉमचे सगळे २०४८ बाइट वाचून एका फाइलमध्ये ठेवा. फाइलच्या नावात बोर्डचा नंबर टाका.