वेदरिंग पावडर: एक पावसाळा काढल्यानंतर

माझ्या मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलच्या (१:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या) लेआउटवर, म्हणजे रूळ मांडलेल्या देखाव्यावर, मी कोकणातल्या एका छोट्या स्टेशनबाहेरचा रस्ता आणि त्याच्या कडेचा जांभ्याचा गडगा करतोय. त्यासाठी आणलेल्या वेदरिंगच्या, म्हणजे मॉडेलला धूळ-मातीचा जुनेपणा देणाऱ्या, सुक्या पिगमेंट पावडरी उन्हाळ्यापासून वापरात आहेत. आता ठामपणे सांगतो, धूळ दाखवायला यांच्याइतकं चांगलं काही नाही. पाण्याचे ओघळ मात्र पातळ ॲक्रिलिक रंगानेच काढावेत.

रस्त्यावर पावडर खुलते. ३.७५ मीटरचा एकेरी रस्ता या स्केलला ४३ मिमी भरतो. ४०० नंबरच्या वॉटर पेपरवर (बारीक पॉलिश पेपरवर) आधी मध्यम राखाडी रंग द्यायचा. डांबर काळं असतं ते नवं असेपर्यंतच, मग उन्हापावसात ते फिकट पडत जातं. काळाकुळीत रस्ता केला की अख्खा देखावा खोटा वाटतो. त्यावर मऊ ब्रशने कडांना तांबडी माती, आणि चाकांच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध काळपट छटा, कारण गाड्यांचं ऑइल तिथेच गळतं. बोटाने हलकेच पुसलं की कडा विरघळतात. हे रंगाने मला इतकं सहज जमत नाही.

गडग्याचं गणित वेगळं. ३९० मिमीचा चिरा इथे जेमतेम साडेचार मिमी. कागद सोललेल्या फोम बोर्डवर बॉलपेनने सांधे कोरले, वर विटकरी-तांबूस रंग. जांभा उघड्यावर काळवंडतो, वरच्या थरावर सगळ्यात जास्त. म्हणून काळपट-तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) वरून खाली ओघळू दिला आणि पायथ्याशी, जिथे पाऊस उडतो, तिथे शेवाळी हिरवा. पावडर शेवटी, फक्त खाचांत. सगळीकडे फासली तर दगडाची छिद्रं बुजतात आणि भिंत मातीची दिसते.

तांबड्या छटेची महागडी बाटली पुन्हा घेणार नाही. रांगोळीच्या दुकानातला गेरू वस्त्रगाळ केला की काम भागतं. त्याचा लालपणाही लोहाचाच, जांभ्यासारखा. दाणा किंचित जाड, पण मातीला तो शोभतो. फिकट धुळीची छटा मात्र विकतचीच घ्या, तिच्यासारखी बारीक पूड घरी होत नाही.

पावडर पक्की करणं हा खरा त्रास. मॅट व्हार्निशच्या फवाऱ्याखाली फिकट धूळ जवळपास नाहीशी होते, म्हणून दोन पातळ थर आणि मध्ये पुन्हा पावडर. दमट हवेत फवारलं तर व्हार्निशवर पांढरट साय धरते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये डबा बंदच बरा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बसवलेली पावडर छान दिसते, पण हात लागला की निघते. जिथे कोणी हात लावणार नाही तिथेच ती पद्धत वापरतो.

फाटकाजवळ काम करताना रुळांवर मास्किंग टेप हवीच. रुळाच्या माथ्यावर पूड बसली की चाकांना करंट नीट मिळत नाही आणि इंजिन अडखळतं.