क्रायटेरियनचा अपू-संच: रायांमधला चित्रकार किती दिसतो?

‘पथेर पांचाली’ला पूर्ण लिहिलेली पटकथा नव्हती. सत्यजित रायांकडे होती शाईने चितारलेली चित्रवही आणि थोडी टिपणं. त्यामुळे ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ या अपू नावाच्या मुलाच्या आयुष्यावरच्या तीन चित्रपटांचा, क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने काढलेला डिस्क-संच घ्यावा की नाही, हे ठरवताना आम्ही एकच गोष्ट तपासली: चित्रकाराचा हात पडद्यावर दिसतो का? दिसतो. पण तिन्ही चित्रपटांत सारखा नाही, आणि भारतात तो दिसण्याआधी एक तांत्रिक अडथळा पार करावा लागतो.

तो हात आला कुठून, ते थोडक्यात. शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जी या चित्रकारांकडे राय शिकले. १९४३ मध्ये डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीच्या कलकत्ता शाखेत महिना ८० रुपयांवर लागले. सिग्नेट प्रेस या प्रकाशनासाठी मुखपृष्ठं केली. तिथेच बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’ या कादंबरीच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रंही काढली, आणि चित्रपटाचं बीज तिथे पडलं. पुढे पोस्टर, श्रेयनामावलीतली अक्षरं, वेशभूषेची रेखाटनं, मुलांच्या ‘संदेश’ मासिकातली चित्रं, ‘रे रोमन’सारखे टाइपफेस (छपाईची अक्षरवळणं) हे सगळं चित्रपटांच्या बरोबरीने शेवटपर्यंत चाललं.

आता प्रिंटबद्दल. १९९३ च्या जुलैत लंडनच्या हेंडरसन लॅबमध्ये आग लागली आणि रायांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह त्यात होरपळल्या. काही रिळं वितळून एकमेकांना चिकटली, काहींच्या कडा जळाल्या. जे उरलं ते इतकं ठिसूळ होतं की कुठल्याही यंत्रावर चढवता येत नव्हतं. दोन दशकांनी इटलीतल्या बोलोन्याच्या लिमाजिने रित्रोव्हाता प्रयोगशाळेत त्या फिल्मला आधी ओलावा देऊन मऊ केलं. मग डिंक आणि मेण हाताने खरवडून काढलं, तुटलेली कडेची भोकं पुन्हा बांधली. एवढ्या हातकामालाच जवळपास १००० तास लागले. ‘पथेर पांचाली’ची सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’ची ६० टक्क्यांहून जास्त निगेटिव्ह वापरता आली. ‘अपूर संसार’ची उरलेली दोन रिळं मात्र कामाची नव्हती. तो सगळा चित्रपट ड्यूप निगेटिव्ह आणि फाइन-ग्रेन प्रिंट, म्हणजे मूळ निगेटिव्हच्या नकलांवरून, घेतला आहे.

हे आकडे लक्षात ठेवूनच डिस्क लावावी. चालू दृश्यात अचानक फिल्मचे कण जाड झाले किंवा करडे टप्पे दाटले, तर डिस्क खराब आहे असं समजू नका. तिथे मूळ निगेटिव्ह संपून नक्कल सुरू झालेली असू शकते. नकलेच्या प्रत्येक पिढीत काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा कमी होतात, आणि रायांचं बरंचसं काम याच मधल्या छटांमध्ये आहे.

दोन जागा शेजारी ठेवून पाहा. ‘पथेर पांचाली’त झोपलेल्या अपूला त्याची बहीण दुर्गा उठवते, तेव्हा पांघरुणाच्या फाटक्या भोकातून आधी त्याचा फक्त डोळा दिसतो. ‘अपूर संसार’मध्ये लग्न होऊन आलेली अपूची बायको अपर्णा खिडकीशी उभी राहते, तेव्हा फाटक्या पडद्याच्या भोकातून तिचा डोळा दिसतो. एकच आकृती, दोन चित्रपटांच्या अंतराने. जाहिरातीचं पान मांडणाऱ्यालाच सुचावी अशी ही चौकट आहे: मोठा सपाट पोत आणि त्यात एकच जिवंत ठिपका. पोत नीट दिसला नाही तर ती चौकट निम्मी मरते.

‘अपराजितो’त वेगळीच गोष्ट बघायची. बनारसच्या घराचं अंगण कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्यात स्टुडिओत उभारलं. छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा उजेड त्यावर आपटून खाली उतरवला, कारण खऱ्या अंगणात आभाळाचा उजेड सावल्यांशिवाय झिरपतो. फिकट प्रिंटमध्ये हा उजेड नुसता धुरकट वाटायचा. इथे भिंतीचे पोपडेसुद्धा वेगळे दिसतात. संचातली सर्वांत मोठी कमाई हीच.

सोबतच्या पुस्तिकेत टेरेन्स रॅफर्टी आणि गिरीश शांभू या चित्रपट-समीक्षकांचे लेख आहेत, शिवाय चित्रवहीतली निवडक पानं. चित्रकार रायांसाठी हा संच घेणाऱ्याचं त्यावर पोट भरणार नाही. अख्खी वही हार्परकॉलिन्सने २०१६ मध्ये वेगळ्या पुस्तकात छापली आहे. ती सोबत घ्यावी. डिस्कवरच्या पुरवण्यांत जेम्स बेव्हरिज यांचा रायांवरचा १९६७ चा माहितीपट आणि ‘अपूर संसार’मधल्या सौमित्र चटर्जी, शर्मिला टागोर यांच्या मुलाखती पाहाव्यातच. सबटायटल्स फक्त इंग्रजीत आहेत.

आता तो अडथळा. ब्ल्यू-रे डिस्कना देशांच्या गटांनुसार ‘रीजन’ नावाचं कुलूप असतं. अमेरिकन ब्ल्यू-रे रीजन ‘ए’चा आहे आणि भारत रीजन ‘सी’त येतो, त्यामुळे इथल्या साध्या प्लेअरवर डिस्क चालत नाही. ‘डीव्हीडी रीजन-फ्री’ असं लिहिलेल्या प्लेअरवर विसंबू नका. डीव्हीडीचं कुलूप वेगळं, ब्ल्यू-रेचं वेगळं. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून प्लेअर मागवणार असाल तर मागचा आकडा वाचायला सांगा. नुसतं ‘१२० व्होल्ट’ असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल; ‘१००–२४०’ असेल तर फक्त पिन बदलायची. नंतर आलेल्या सहा डिस्कच्या संचात तीन ४के डिस्क आहेत आणि त्यांना रीजनचं बंधन नाही, म्हणजे भारतातल्या ४के प्लेअरवर तिन्ही चित्रपट लागतात. पुरवण्या मात्र सोबतच्या ब्ल्यू-रेवर, त्याच कुलुपात. ४के प्लेअर असेल तर हाच संच घ्यावा.

टीव्हीवर ‘झूम’ किंवा ‘वाइड’ लावू नका. चित्र जवळपास चौरस आहे, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. झूम केलं की माणसांची डोकी कापली जातात आणि रायांची मांडणी मोडते. मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) आणि नॉइज रिडक्शन बंद, शार्पनेस शून्याच्या आसपास. नॉइज रिडक्शन चालू राहिलं तर फिल्मचे कण पुसले जातात आणि बोलोन्यात हाताने वाचवलेला पोत आपल्याच दिवाणखान्यात जातो. आवाज मोनो आहे, कृत्रिम सराउंड लावला की रविशंकरांची सतार पोकळ वाटते. आणि बघायला बसताना खोलीतला दिवा मालवा, कारण अपूच्या घरातला अंधार काळा नाही, करडा आहे.