बदलता आयपी, घरचा सर्व्हर: डीडीएनएस आणि वायरगार्ड वापरून झाल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावात, वडगावच्या घरी, रास्पबेरी पाय ४ या चिमुकल्या कॉम्प्युटरवर छोटा सर्व्हर मांडला. घरचे फोटो, शेताच्या उताऱ्यांची स्कॅन आणि भावाच्या दुकानाचा हिशोब एवढंच त्यावर आहे. माझी नोकरी शिनोळीला, म्हणजे सकाळी महाराष्ट्रात, संध्याकाळी परत कर्नाटकात. बाहेरूनही घरचा सर्व्हर लागावा म्हणून दोन गोष्टी वापरल्या: डायनॅमिक डीएनएस (डीडीएनएस), म्हणजे घरच्या बदलत्या आयपी पत्त्याला एक कायमचं नाव देणारी सोय, आणि वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा कुलूपबंद बोगदा, टनेल. पाऊस, थंडी आणि अर्धा उन्हाळा काढून झाला, आता लिहायला हरकत नाही.

डायनॅमिक डीएनएसच्या नादाला लागण्याआधी राउटरच्या पानावर जाऊन वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, बघा. पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. बाहेरचा एकच पत्ता कंपनी अनेक घरांत वाटते. हा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. अशा कनेक्शनवर डीडीएनएस अगदी बिनचूक चालतं, नाव वेळेवर अपडेट होतं, आणि तरी घर लागत नाही. नावासमोरचा पत्ता तुमच्या एकट्याचा नसतोच. मग राउटरवर कितीही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, उघडा, बाहेरून येणारं पॅकेट तुमच्या दारापर्यंत पोचतच नाही.

माझं आधीचं कनेक्शन असंच होतं. जोडणीवाल्या पोराला पब्लिक आयपीचं, म्हणजे बाहेरून थेट लागणाऱ्या आपल्या एकट्याच्या पत्त्याचं, विचारलं, तर म्हणाला, "यूट्यूब चालतंय न्हवं? मग आणि काय पाहिजे ओ?" त्याच्या जागी तो बरोबर. मी कंपनी बदलली. नव्या ठिकाणी पत्ता बदलता आहे, पण पब्लिक आहे. स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या पत्त्याचे वेगळे पैसे मागत होते, ते दिले नाहीत.

डीडीएनएससाठी मी डकडीएनएस ही सेवा घेतली. तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि तेच तिचं कौतुक. मोफत आहे, नाव घ्यायचं, टोकन (ओळख पटवायचा गुप्त शब्द) घ्यायचं आणि क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीत, दर ५ मिनिटांनी पत्ता कळवणारी कर्ल कमांडची एक ओळ चालवायची. पावसात आमच्याकडं लाइट जाते, राउटर बंद पडून उठतो आणि नवा पत्ता घेऊन येतो. तोवर चहा होतो, नाव जागेवर आलेलं असतं. पुढं राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, तेव्हापासून पत्ता बदलणंच पुष्कळ कमी झालं. चौकातल्या पेटीची लाइट गेली तर मात्र इलाज नाही.

डोकं खाल्लं ते वायरगार्डनं. शिनोळीच्या वाटेवर फोन टॉवर बदलतो, सर्कल बदलतं, त्याचा आयपी बदलतो. टनेलला ढिम्म फरक पडत नाही. ओळखीच्या किल्लीचं पॅकेट नव्या पत्त्यावरून आलं की सर्व्हर तिकडेच उत्तर धाडतो. पण घरचा पत्ता बदलला की फोन अडतो. सर्व्हरचं नाव तो टनेल चालू करतानाच एकदा विचारून घेतो आणि मग जुन्याच पत्त्यावर पॅकेटं टाकत बसतो. डीडीएनएसमध्ये नवा पत्ता आलेला असतो, पण बघणार कोण? वहिनीचा फोन येतो, "भावजी, नुस्तं फिरायलंय की ओ ते." ॲपमधलं बटण बंद करून परत चालू केलं की लागतं. आता तिला ते सांगावं लागत नाही. लिनक्सच्या लॅपटॉपवर वायरगार्डच्या साधनांसोबत मिळणारी, नावाचा पत्ता परत विचारून घेणारी रीरिझॉल्व्ह-डीएनएस स्क्रिप्ट टायमरवर टाकली आणि तिथला प्रश्न मिटला.

राउटरवर बाहेरून एकच दार उघडं आहे, वायरगार्डचं यूडीपी ५१८२० (यूडीपी ही पॅकेटं पाठवायची एक पद्धत). ओळखीची किल्ली नसेल तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणी करणाऱ्याला तिथं काही आहे हेही कळत नाही. एसएसएचचं (दुरून सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) २२ नंबर पोर्ट थेट उघडा असं सांगणारे लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका.

निपाणीच्या मित्राकडं सीजीनॅटशिवाय पर्यायच नव्हता. त्यानं टेलस्केल लावलं. आतूनही वायरगार्डच, पण दोन्ही टोकं आतून बाहेर जोडली जातात, म्हणून पब्लिक पत्ता लागत नाही. थेट जमलं नाही तर रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरवरून, जातं आणि मग वेग पडतो. तेही १०० च्याच पट्ट्यातले पत्ते देतं, ते बघून सीजीनॅट समजू नका. खरं सांगायचं तर नव्या माणसाला मी आधी हेच लावायला सांगेन. माझ्याकडं नाही, कारण ओळख पटवायचं काम तिसऱ्याच्या सर्व्हरवर असतं आणि घरच्या कागदांसाठी मला ते नको होतं.

एक अडचण अजून आहे. ऑफिसच्या वायफायवर यूडीपी बंद आहे, तिथून टनेल लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत फोनचा डेटा चालू करून काम उरकतो. गेटच्या बाजूच्या कट्ट्यावर रेंज बरी मिळते.